तारखेच्या तीन लायब्रऱ्या

विजयनगर, सातवा मजला, रात्रीचे दोन.
तारीख मोजायला आमच्याकडे लायब्रऱ्या तीन
आणि डेडलाइन एकच, उद्याची.

एक सरवटेने आणली, नोकरी सोडण्याआधी.
दुसरी कुणी आणली, कुणालाच ठाऊक नाही.
तिसरी दुसरीचा पदर धरून आत शिरली,
येताना आणखी चाळीस घेऊन;
भुट्ट्याचा कीस खायला एकाला बोलवावं
आणि अख्खी गल्ली यावी, तशी.

दुसरी काढली. बिल्ड कोसळला.
शोधलं, तर कुठल्याशा कोपऱ्यात
नुसतं एकाआधी शून्य लावायला
ठेवून घेतलेलं तिला.

चार ओळी मीच लिहिल्या.
त्या चाळिसांतल्या एकीचंही
नाव विचारायचं राहून गेलं.

सरवटेची राहू दिली.
वर त्याची टीप:
तात्पुरतं आहे, सोमवारी काढतो.

किती दिवस झाले ते मोजले,
तिच्याचकडून.
दोन हजार एकशे बारा.