तिला मराठी येत नाही

भुंगा गेला मार्गशीर्षात, मूत्रपिंडं थकून.
येळ्ळूरच्या वाटेला मेव्हण्याचं शेत आहे,
मसूर नुकती फुलावर आलेली.
बांधाला खणताना मेव्हणा म्हणाला,
आणि थोडं खोल घेऊया की, कोल्ही उकरतात.
खोल घेतलं.
घरी येऊन हात धुतले आणि माग चालू केला.
दोन डझन साड्या द्यायच्या होत्या
सौंदत्तीच्या व्यापाऱ्याला.

तेरा वर्षं तो त्या मागाखाली झोपला.
आमच्या वडगावात घराघरात खटखट,
तिच्यात वाढलेलं पोर शांततेला रडतं,
तसाच तो.
वीज गेली की दचकून उठायचा.
कानांत सुताचा चुरा, मिशांत चुरा,
एकदा तर जरीचा तुकडा खाऊन
सकाळी अंगणात सोनं टाकलंन,
मालन आठ दिवस हसत होती.
चौकात पाटीवरच्या अक्षरांसाठी
माणसं एकमेकांच्या नरड्याला हात घालायची;
भुंगा दोन्ही पाट्यांच्या खांबांना
सारखंच पाणी घालून यायचा.

आता पुन्हा नको, मी म्हटलं.
मालन काही बोलली नाही.
त्याची जर्मनची थाळी तेवढी घासायची
आणि पालथी घालायची.
रोज.

वैशाखात ईरण्णाचा फोन.
माळावर पत्र्याच्या शेडमध्ये तो टाकलेली जनावरं सांभाळतो.
ही हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यापाशी सापडलेली,
मागचा डावा पाय ट्रकनं नेलेला,
काळी. नाव करेव्वा.
मी म्हटलं, बघायला येतो. नुसतं बघायला.
निघताना पिशवी जड लागली,
मालननं न सांगता आत जुनी चादर घातलेली.

ये म्हटलं, आली नाही.
बस म्हटलं, उभीच.
भाकरी पुढं सरकवून खा, खा की म्हटलं
तर माझ्याकडं असं बघितलंन
जसं मी वीजबिल वाचून दाखवतोय.
माग लावला की न्हाणीत, बंबाच्या मागं.
बहिरी असेल, मालन म्हणाली.
ईरण्णाला विचारलं. तो हसला,
कन्नडदाग माताड्री, काका.

सुताचा भाव करायला, बँकेत, बसमध्ये
माझं कन्नड पुरतं.
साहेबाशी भांडायलाही पुरतं.
लाडाचं कन्नड मात्र मला येत नव्हतं,
कधी लागलंच नव्हतं.
बा. कुंद्र. ऊटा. ब्याड.
पन्नाशी उलटल्यावर बंबापुढं उकिडवा बसून
मी एकेक शब्द हळू करत गेलो,
धार घासून काढल्यासारखा.
हेदरब्याड, म्हणालो, हेदरब्याड,
आणि कोण घाबरलंय ते मलाच कळेना.
शेजारच्या निंगव्वाला भिंतीवरून विचारलं,
कुत्र्याला तुमच्यात सोन्या कसं म्हणतात?
नन्न बंगारा, ती म्हणाली,
आणि भांडी तशीच टाकून बघायला आली.

एका अर्थी बरं झालं.
सोन्या, लबाडा, ये रं इकडं,
हे भुंगाचे शब्द भुंगाकडंच राहिले.
कुणी वापरले नाहीत.

काल दुपारी तीनला वीज गेली.
सगळी गल्ली एकदम गप्प.
न्हाणीतून तीन पायांचा आवाज आला,
थांबत, पुन्हा येत,
मागाखाली जिथं फरशी तेलकट काळी पडलीय,
त्याच्या अंगाएवढी,
तिथवर.
हुंगत राहिली. किती तरी वेळ.
मग एक गिरकी घेतली, अर्धी,
एका बाजूनं पडत, आणि बसली.

तिथं नको, मी म्हणालो. सवयीनं, मराठीत.
तिनं कान हलवला तेवढा.

ब्याड म्हटलं असतं तर उठली असती.
शब्द जिभेवर होता.
मालन दारात होती, हातात थाळी, उताणी.

साडेचारला वीज आली.
गल्लीतले माग एकामागून एक लागले.
आमचा खटका मी खालीच ठेवला.

साड्या एक दिवस उशिरा गेल्या.