वरातीमागून

आमच्या येम्टलंडात डिसेंबरचा सूर्य
आळशी दुकानदारासारखा येतो,
शटर अर्धं वर करतो
आणि जेवायला म्हणून जातो तो परतत नाही.
माझी सकाळ कपाळावरच्या दिव्याने होते.
पावणेपाच. उणे अठरा.
बादलीतला बर्फ टाचेने फोडायचा,
दिम्माच्या खुरांत गोठलेले गोळे उकरायचे,
गवत तोलून जाळीत भरायचं,
आणि साडेसहाला पुन्हा आई, बायको,
दातांच्या दवाखान्यातली नर्स;
मधे सात मिनिटांची आंघोळ.

दिम्मा म्हणजे धुकं. रंगाने तसं, स्वभावानेही.
आहे म्हणेपर्यंत कुंपणापलीकडे.

फ्रिजवर एकाच चुंबकाखाली दोन कागद:
नालबंदाचं बिल,
सिक्स्टनच्या हॉकीच्या बुटांची पावती.
होकान दोन्ही वाचतो. बोलत नाही.
पंधरा वर्षं ऐकते आहे ते न बोलणं,
त्यातले काना-मात्रा पाठ झालेत मला.
एकदाच म्हणाला, उशीला घोड्याचा वास येतो.
तक्रार होती की नुसती नोंद, कळलं नाही.
मी अभ्रा बदलला.
वास केसांत होता.

आणि तरी एखाद्या रविवारी, तळ्याकाठी,
ती मान सैल सोडून धावायला लागते
तेव्हा माझ्या अंगावरून सगळी यादी गळून पडते:
दूध, पालकसभा, सासूबाईंच्या गोळ्या,
मागे बर्फात पडत जाते
आणि मी वळून बघत नाही.
हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

तेरा तारखेला, लुसियाच्या पहाटे,
तिने गवताला तोंड लावलं नाही.
सारखी कुशीकडे वळून बघायची,
पुढच्या पायाने जमीन खरवडायची.
तीनला डॉक्टर गुनहिल्ड आली, इंजेक्शन दिलं,
म्हणाली, चालवत राहा. लोळू देऊ नका.
शाळेत सातला पोरांची मिरवणूक.
सिक्स्टनच्या डोक्यावर कागदी निमुळती टोपी,
हातात तारा,
आणि आयुष्यात पहिल्यांदा एक ओळ एकट्याने गायची.
सव्वासहा वाजले, मी दोर धरून गोल गोल.

होकान आला. ऑफिसचा कोट, थर्मास.
घोड्यांना घाबरणारा माणूस.
लहानपणी एकीने दंडाला चावा घेतला होता,
तो वण अजून दाखवतो.
म्हणाला, आण इकडे. कुठल्या हाताने धरू?

मी पोचले तेव्हा मेणबत्त्या निम्म्या दालनापर्यंत गेलेल्या.
वरातीमागून घोडं म्हणतात ते मीच,
स्वेटरवर गवत, बुटांना शेण,
शेजारची बाई हळूच एक खुर्ची सरकली.
सिक्स्टनने ओळ अर्धी गिळली, अर्धी गायली.
टूवाने त्याला माझ्याकडे बोट दाखवलं.
की नाकाकडे?

परतले तर तबेल्यामागून आवाज.
होकान बोलत होता.
मला वाटलं फोनवर.
घराच्या हप्त्याचं सांगत होता,
आई हल्ली त्याला भावाच्या नावाने हाक मारते, ते,
आणि वसंतात ऑफिसमधली काही माणसं कमी होणार, ते.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
दिम्माचे कान त्याच्याकडे,
तिच्या श्वासाची वाफ त्याच्या कॉलरवर.
मी भिंतीला टेकून उभी राहिले,
पाय बधिर होईपर्यंत.

मग तिने शेपूट उचललं.
'टाकली! लीद टाकली!'
तो ओरडला, टूवाने पहिलं पाऊल टाकलं होतं
तेव्हाही इतका ओरडला नव्हता.
मी कोपऱ्यावरून पळत आले,
जणू आत्ताच पोचतेय.

त्यानंतर तो तबेल्यात गेलेला नाही.
बिलं अजून त्याच चुंबकाखाली.
पण जेवताना, बटाटे माझ्याकडे सरकवत,
ताटातून मान वर न करता विचारतो:
तिचं पोट कसं आहे?
बरं आहे, मी म्हणते.
आणि थांबते,
पुढचं तो सांगेल म्हणून.