किती पाण्यात

सकाळी साडेआठला कुओपिओत अजून रात्रच असते.
मी बूट बदलते, केसांवर टोपी चढवते
आणि लाल दिव्याच्या खोलीत शिरते.
उंदरांना लाल दिसत नाही;
त्यांच्या लेखी मी अंधारातूनच येते.

पिंजऱ्यागणिक दोन बाटल्या.
एकीत पाणी, एकीत दहा टक्के दारू.
काढायची, तोंड पुसायचं, तराजूवर ठेवायची,
कालच्यातून आजचं वजा.
कोण किती पाण्यात आहे
हे मी सव्वीस वर्षं ग्रॅममध्ये लिहीत आलेय,
दशांशचिन्हानंतर दोन आकडे.

मग अदलाबदल : डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.
काही जण नुसते सवयीच्या बाजूला वळतात
आणि आपल्याला वाटतं, त्यांना तेच हवं होतं.

वरच्या फळीवर पिणारे, खालच्या फळीवर न पिणारे.
पिणाऱ्याची गाठ पिणारीशी घालत घालत
इथवर आणलीत ही घराणी.
डॉ. ओइनोनेन म्हणतात, "खानदानी आहेत."
मी हसत नाही. मलाही घराणं आहे.

सात वर्षांची होते तेव्हा आईनं हातात पेन्सिल दिली.
बाटलीच्या लेबलावर, दारू जिथवर आहे तिथे
बारीक रेघ ओढायची. रोज.
तो आख्खा डिसेंबर रेघ जागची हलली नाही.
आईनं दालचिनीचे पाव केले,
बाबांनी मला खांद्यावर बसवून
गोठलेल्या तळ्यावर पार बेटापर्यंत नेलं.

जानेवारीत एका रात्री पारा उणे बावीसवर गेला.
व्हरांड्यातली बाटली सकाळी तडकलेली.
काचा बाजूला गळून पडलेल्या
आणि मधोमध उभा बर्फ, बाटलीच्याच आकाराचा.
"दारू अशी गोठत नाही," आई म्हणाली.
तेवढंच म्हणाली.
लेबल बर्फाला चिकटून होतं. रेघ अगदी बरोबर होती.

इल्पो, माझा भाऊ, तळ्यापलीकडच्या दवाखान्यात
वर्षभर चाचणीत होता.
अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी;
कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही.
प्यायच्या तासभर आधी घ्यायची.
पिऊ नको असं कुणी म्हणत नाही, हेच त्याला आवडलं.
मार्चमध्ये तो म्हणाला,
"बिअर आता बिअरसारखी लागते गं.
आधी घरी पोचल्यासारखी लागायची."

गोळी कुठली होती ते सांगणारं पाकीट आलंय.
पाच आठवडे फ्रीजवर आहे, माशाच्या चुंबकाखाली.
"उघड की."
"आणि पीठ निघालं तर?"
"तर तुझं तूच थांबवलंस."
"मग आधी का नाही थांबवलं? लीसा होती तेव्हा?"

मी कॉफी ओतली. त्याला दूध लागतं, ते विसरले.

वरच्या फळीवर एक आहे, चार-एक-सतरा.
आई पिणारी, आजी पिणारी,
साठ पिढ्या मागे जा, सगळ्या पिणाऱ्या.
ही पाणी पिते.
बाटल्या बदलल्या तरी पाण्यामागे जाते.
दारूच्या नळीपाशी थांबते, मिशा हलवते, वळते.
"आकड्यांत इकडेतिकडे व्हायचंच," ओइनोनेन म्हणतात,
"पण हिची पिल्लं घ्यायची नाहीत. ओळ बिघडते."
नाव ठेवायची पद्धत नाही इथे.
मी ठेवलेलं नाही.

सगळ्यात शेवटचा पिंजरा रिकामा.
भुसा आहे, दोन बाटल्या आहेत, उंदीर नाही.
कुणीही न पिता, नुसतं टांगून ठेवल्यानं,
किती गळतं, किती उडून जातं, ते कळावं म्हणून.
जे भरेल ते प्रत्येकाच्या नावावरून वजा करायचं.
नाहीतर उगाच कुणाच्या तरी माथी बसतं.

आज तिथे शून्य पूर्णांक एक्केचाळीस.
मी लिहिते. बाटल्या बदलते, तिथल्यासुद्धा.