कुशीतला गळ

तोंड बघा ह्याचं, ताई. साफ हाय.
ओठ फाटला न्हाई, गालाला भोक न्हाई.
हुक्केरीच्या बाजारात जुनं गिऱ्हाईक
आधी तोंडच उघडून बघतंय,
म्हणून मी कूस खाली करून ठेवते.

गळ कुशीत लागतोय.
कधी शेपटीच्या बुडात, कधी पंखाखाली,
एकदा एका शिंगाळ्याला डोळ्याच्या वर,
नाम ओढल्यागत.

आमिष नसतंय ह्याला.
गांडूळ न्हाई, कणकेची गोळी न्हाई.
तीन काटे, पाठीला पाठ लावून झाळलेले,
खाली जुन्या बॅटरीतलं शिसं,
वर मोटारसायकलची क्लचवायर.
मष्णू फेकतोय, बुडू देतोय,
ओंदू, एरडू, मूरू
(मोजणं कानडीत, शिव्या मराठीत)
आन् झटका.
माशाला भूक हाय का, कुणी इचारत न्हाई.

हिडकलची दारं मिटली की पाणी दमतंय.
मासा दमत न्हाई.
भिंतीला नाक लावून उभा ऱ्हातोय,
रेशनच्या दुकानाम्होरं माणूस उभा ऱ्हातोय तसा,
दुकान आज उघडणार न्हाई
हे त्याला कुणी सांगितलेलंच न्हाई.
वरच्या पाण्याचा वास
कुठल्या तरी फटीतनं झिरपतोय खाली,
तेवढ्या वासावर दोनशे जीव एका डबक्यात.

फेकलं की लागतंयच. त्यात कसब कसलं,
मी म्हणाले एकदा.
मष्णू बोलला न्हाई.
दोन दिवस दिराच्या घरात जेवला.

गेटवरचा बसलिंग भोंग्याच्या आधी शिट्टी मारतोय,
त्याचे वर्साला चार मासे.
शिट्टी आली की दगडावरनं पळायचं, चपला तिथंच.

गेल्या पुसात कपारीत अडकलेला गळ
ओढता ओढता सुटला
आन् उलटा आला. मष्णूच्या मांडीत.
दवाखान्यातली डॉक्टर पोरगी, धारवाडाकडची,
म्हणाली, हा मागं येत न्हाई.
पुढंच ढकलायचा,
दुसरीकडनं टोक काढायचं, मग तोडायचा.
मी पाय धरलेला.
मष्णू भिंतीला नाक लावून पडला होता.
हूं की चूं केलं न्हाई मेल्यानं.
शेवटाला एवढंच इचारलं,
उरलेले दोन काटे परत द्याल काय?

आन् आज हा कटला. साडेचार किलो.
पहाटे टोपलीत घालताना पाठीवर हात अडला.
जुना घाव, मिटलेला,
वरची खवलं वाकडी उगवलेली,
पाऊस तोंडावर आल्यावर घाईत शाकारलेल्या कौलागत.
कधी तरी सुटून गेलता ह्यो.
कुठं कुठं फिरला असंल.
परत त्याच भिंतीला.

मष्णूला हाक मारून दावलं.
त्यानं बोट फिरवलं घावावरनं, एकदा,
मग पुन्हा एकदा.
मांडी खाजवली.
म्हणाला, आज पाणी किती वाजता सोडणार,
बसलिंग काय बोलला काय?

दोनशे रुपये किलो, ताई.
न्हाई, तेवढा तुकडा कापून नाही देत.
पारड्यात सगळाच जातोय.
घाव बी भरतोय काट्यावर.