पेडोमीटर, ओतारू

डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त आकडा लिहिला.
सहा हजार. औषधाचं नाव नाही.
म्हणून गेलो स्टेशनापलीकडच्या दुकानात,
जिथे घड्याळं, चष्मे आणि पेडोमीटर
एकाच काचेखाली झोपतात.

कुरिमोतो नावाच्या मुलीनं तीन काढून ठेवले.
एक मनगटावरचा, झोपही मोजणारा.
माझी झोप मोजून कुणाला काय मिळायचंय?
एक गुलाबी, बोलका.
तिसरा राखाडी, काडेपेटीएवढा, पट्ट्याला अडकवायचा,
आकडे मात्र ठसठशीत, चष्म्यावाचून दिसणारे.
कानाशी धरून हलवला,
वाळक्या शेंगेतल्या बीसारखा खुळखुळला.
"हाच," म्हणालो.

तिनं विचारलं, "आजोबा, तुमचं पाऊल किती लांब?"

एकोणचाळीस वर्षं बंदरावर काट्याशी उभा होतो.
हेरिंगच्या पेट्या, स्क्विडच्या पेट्या,
बर्फाचं वजन वजा, पाण्याचं वजन वजा,
गावाची मापं तोंडपाठ.
स्वतःचं पाऊल कधी मोजलं नव्हतं.

घरी शिगेनोच्या शिवणाच्या डब्यातून टेप काढली.
इतके किमोनो शिवलेत तिनं, की
टेपेवरचे पहिले चार आकडे
अंगठ्यानंच पुसले गेलेत.
बोळात दहा पावलं चाललो, खडूनं रेघ मारली.
ती खुर्चीतून बघत होती,
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवलेला असावा तसा.
पाच मीटर ऐंशी. म्हणजे पावलाला अठ्ठावन्न.
"फुशारकी," ती म्हणाली. "एवढं लांब तू कधी चालतोस?"
पुन्हा चाललो, कुणी बघत नसल्यासारखा.
चौपन्न.

मग हिवाळाभर
बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांच्या आधी उतार उतरायचा,
कालव्याच्या कडेनं गोदामांपर्यंत, आणि परत.
चढावर पाऊल आखडतं, ते यंत्राला कळत नाही.
बसमध्ये धक्के खाल्ले की शंभरेक फुकटात मिळतात.
एकदा खोकल्याची अकरा.
मी काटेवाला. असली भर वजा करूनच
कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडा लिहायचो.

मार्च सरता सरता डांबर दिसू लागलं,
आणि शिगेनो म्हणाली, टपालपेटीपर्यंत ने मला.
घरापासून टपालपेटी: माझी एकशे दहा.
दारातच बटण दाबून आकडा पुसला.

ती पाऊल उचलत नाही, सरकवते,
भरलेली पेटी फरशीवरून सरकवावी तसं.
दोनदा सरकणं. थांबणं. कठड्याला हात.
तीनदा सरकणं.
ओगुशीबाईंनी खिडकीतून विचारलं, "चहा?"
येताना, म्हणालो.
सायकलवरून मुलं गेली, परत आली, पुन्हा गेली.
पत्र बहिणीला होतं, डाव्या हातानं लिहिलेलं,
कोंबडीचे पाय नुसते.
ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत
ती पेटीला कान लावून उभी राहिली.

चहा धरून दीड तास.
घरी आल्यावर पट्ट्यावरचं बघितलं.
शून्य.
तिची कशी दिसणार, यंत्र माझ्या कमरेला. पण माझीही नाहीत.
तिच्या चालीनं चालता चालता
इतका हलका पडत होतो मी,
की यंत्राच्या लेखी कुणी चाललंच नाही.

कुरिमोतो म्हणाली, घोट्याला बांधायचं येतं, हळू चालणाऱ्यांसाठी.
जरा महाग आहे. मागवू?
मागव म्हटलं. आठवड्यानं नको म्हणून कळवलं.
कारण तिनं विचारलं नाही,
विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी
शिगेनोनं बूट काढता काढता विचारलं, "किती झाली?"
"शून्य."
"मग शून्य लिही. काटेवाला ना तू?"

लिहिलं.
तिची बोटं अजून माझ्या बाहीला धरून होती,
सोडायला विसरलेली.
लहानपणी बेरजेच्या डोक्यावर लिहायचो तसा,
बारीक, पुसट,
त्या शून्यावर लिहून ठेवला
हातचा एक.