चुन्याचे बाण

संक्रांत सरली की चुन्याचा डबा आणि केकताडाचा कुंचा घेऊन
मी धडगावच्या वरच्या अंगाने निघतो.
महोत्सव तीन दिवसांचा, घरं एकवीस,
आणि सातपुड्यात घरं अशी की
एका घरातली शिंक दुसऱ्या घरी पोचेतो
शिंकणारा बरा होऊन शेतावर गेलेला असतो.

म्हणून बाण.
सागाच्या खोडावर काढले तर गार्ड रागावतो,
मातीवर काढले तर शेळ्या पुसतात.
दगड बरे.

नकाशात छापलंय : स्टुडिओ क्रमांक चार.
म्हणजे खात्र्या पावराचा ओटा,
तो बांबूला भोकं पाडतो, फुंकतो, मान हलवतो, पुन्हा पाडतो,
आणि कोंबड्या भुसा विस्कटत बसतात.
स्टुडिओ क्रमांक नऊ म्हणजे रुमालीबाई.
होळीचे उंच टोप ती कामट्यांवर बांधते.
पाहुणे विचारतात, तुम्ही काम करता ती जागा कुठली?
ती थोडी सरकते
आणि त्यांना बसायला जागा करून देते.

पाहुणे शहाद्याहून जीपने येतात.
सुपडू ड्रायव्हर दर वळणाला मला फोन लावतो,
"अरे भो, आठे रस्ता शे, का नुसता बाणच शे?"

मागच्या वर्षी सतरा नंबरचा दगड कुणीतरी फिरवला.
जीप गेली भलतीकडे, नाल्याच्या पलीकडे,
नकाशात नसलेल्या गेंदीच्या दारात.
मी धावत पोचलो तेव्हा
पाच जण रांगेत उभे, चपला काढून,
आणि गेंदी कोपरापर्यंत शेणमातीत.

नाल्यातली पांढरी माती, शेण, थोडा भुसा.
हात खांद्यातून सुटायचा
आणि जिथवर पोचेल तिथवर कमान उमटायची,
मग तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी.
नाशिकच्या बाईंनी मला हळूच सांगितलं,
विचारा ना, हे काय आहे?
मी पावरीत विचारलं.
"भिंत," गेंदी म्हणाली.
यामागची कल्पना काय, विचारा.
"उंदरांनी पोखरली होती."

मी दोन्ही उत्तरं जशीच्या तशी मराठीत ठेवली.
एकांनी किंमत विचारली
आणि विचारून झाल्यावर स्वतःच वर छपराकडे बघत राहिले.

जळगावचे नेहेते सर, ड्रॉइंग मास्तर, रिटायर झालेले,
तेवढे काही बोलत नव्हते.
बऱ्याच वेळाने घड्याळ काढून खिशात टाकलं,
बाही दुमडली, आणि मला म्हणाले,
"छत्तीस वर्षं पोरांच्या हातून
कंपासाशिवाय वर्तुळ काढून घेत होतो. विचार, मी एक काढू का?"

दाराजवळची वीतभर जागा तिने दिली.
सरांची कमान निघाली,
मध्येच मुडपली, खाली घसरली,
आणि बिजागरीपाशी जाऊन थांबली.
गेंदी पदर तोंडावर धरून हसली.
सर पण हसले, पण हात धुवायला
नाल्यावर गेले ते लवकर आले नाहीत.

दगड कुणी फिरवला ते मला परतताना कळलं.
गेंदीची जांबी, आठ वर्षांची,
शेळ्यांच्या मागे लपून जीपचा आरसा बघत होती.
रागावणार होतो.
"आमच्याकडे बाण का येत नाही?" तिनेच आधी विचारलं.

काल पुन्हा त्या दारात गेलो.
भिंत नव्याने सारवलेली, कमानींत कमानी,
फक्त बिजागरीपाशी ती मुडपलेली रेघ
तशीच, सुकून भेगाळलेली, कडेने वळसा घालून सोडलेली.
"ही का ठेवलीस?"
"ती माझी नाही."

बावीस नंबर देऊ का म्हटलं, तर नको म्हणाली.
नंबर दिला की त्या तीन दिवसांत घरीच थांबावं लागतं,
आणि भिंत आधीच सारवून ठेवली
तर लोक येऊन बघणार काय?

समितीची यादी तीच. घरं एकवीस.
आज सतराचा बाण मी नीट काढला, सतराकडेच तोंड करून.
दगडाखाली पाचर मात्र ठोकली नाही.
महोत्सव शुक्रवारी सुरू होतो.
जांबीच्या आश्रमशाळेला
शनिवारी अर्धी सुट्टी असते.