डावा पीळ

भडगावच्या कॉलेजात जिन्याखालची खोली माझी:
एक चुंबक, दोन कानस, धुण्याच्या सोड्याची बादली,
ट्रॅक्टरची जुनी बॅटरी,
आणि एक नोंदवही, जिच्यात ‘काळ’ हा रकाना
बहुतेक कोराच.

लोक आणतात. पेपरात गुंडाळून, उपरण्यात,
एकदा तर केळीच्या पानात, प्रसादासारखं.
सगळ्यांना तलवारच सापडलेली असते.
मी म्हणते, ही मोटेची कडी.
हा गाडीच्या धावेचा तुकडा.
हा खिळा गोल, कारखान्यातल्या तारेचा,
तुमच्या आजोबांपेक्षा लहान.
हा चौकोनी, ठोकून केलेला, हा कदाचित...
आणि हा रेल्वेचा, डोक्यावर अक्षरं आहेत बघा,
हा भुसावळला परत द्या.

गंजावर जाऊ नका, रोज सांगते.
काळीतलं लोखंड दहा पावसाळ्यांत म्हातारं होतं,
पांढरीतलं राखेत निजून राहतं
आणि हजार वर्षांनी नुसते पोपडे झटकतं.
त्याला स्वतःचं वय सांगता येत नाही.
शेजारी कोण होतं, ते विचारावं लागतं.

झिपरू मालचे मार्चमध्ये आला.
पांढरीची माती ट्रॉलीने शेतात जाते, खत म्हणून;
हा ट्रॉली भरणारा.
वीतभर आकडा, फुगलेला, वाळल्या कारल्यासारखा.
सोड्यात बुडवला, बॅटरी जोडली.
नऊ दिवस बुडबुडे.
दहाव्या दिवशी दांडीवर पीळ दिसला.

कौतिक लोहारांना बोलावलं. वय त्र्याऐंशी,
एका डोळ्यात मोतीबिंदू,
भाता विकलेला, पोराचं वेल्डिंगचं दुकान.
त्यांनी पाहिलं नाही. नखाने वाजवलं, कान लावला.
“मझार जित्तं शे अजून.”
मग पिळावरून बोट फिरवलं, उलटं फिरवलं,
आणि थांबले.
“हाऊ मन्हा बापना हात शे.”

बाप डावखुरा.
बाकीच्यांचा पीळ उजवीकडे वळायचा,
त्याचा पागोटं उलटं बांधल्यासारखा.
लोक त्यावरून चिडवायचे,
आणि चोरीला गेलेला आकडा
त्यावरूनच ओळखायचे.

मी पेन उघडलं. सत्तर-ऐंशी वर्षं, लिहिणार,
तेवढ्यात झिपरूने खिशातून ठिकरी काढली.
पोरीला लंगडी खेळायला ठेवली होती, म्हणाला,
आकड्याला चिकटूनच होती, जळक्या जमिनीखाली.
आणि हात आपल्या बरगडीवर ठेवला: इतकं खोल.
वरचे थर?
जशेच्या तशे, बाई. उंदीरसुद्धा शिरला नव्हता.

ठिकरी बाहेरून लाल, आतून काळी, काठाशी घोटलेली.
असं भांडं भाजणारं
गिरणेच्या काठी दोन हजार वर्षांत कोणी नाही.

म्हाताऱ्याच्या हातात दिली.
त्यांनी चोळली, कडेला जीभ लावली, थुंकले.
“मंग हाऊ मन्हा बाप नही.”

बराच वेळ काही नाही.
बाहेर तासाची घंटा झाली, केळीचा एक ट्रक गेला.

“पन डावखुरा व्हता, तो भी.”
आणि बोट पुन्हा पिळावर, आता सावकाश,
परक्या घरात
आपल्या नावाचं ताट सापडावं तसं.

झिपरूने विचारलं, ठिकरी परत मिळंल का,
पोरगी वाट पाहते.
मी कौलाचा तुकडा घासून गोल करून दिला.
कानस हाताशी होतीच.
त्याने तो पालथा करून पाहिला, म्हणाला,
हा जड आहे, चालंल.

रात्री नोंद केली.
वस्तू: आकडा, लोखंडी, गाभा शाबूत.
जागा: पांढरी. खोली: उभ्या झिपरूच्या बरगडीइतकी.
काळ: ठिकरीवरून, पेन्सिलने.
घडवणारा
असा रकाना वहीत नव्हता.

पट्टी शोधली.
एक रेघ आखून घेतली.